खताच्या खोलीतली काडतुसं

तुमच्या घरात कुलूप कोणत्या खोलीला असतं? आणि त्या कुलपाआड काय काय ठेवलंय, हे तुम्ही स्वतः शेवटचं कधी पाहिलं?

दिवाळी अंकातल्या लेखाची सुरुवात अशी अंगावर येऊन करू नये, हे मला कळतं. पण माझं लहानपण पत्रकांत गेलं. बाबा यवतमाळात एका छापखान्यात जुळणी करायचे. सुट्टी झाली की कापसाचा भाव, भारनियमन, बोगस बियाणं यांवर पत्रकं लिहायचे, स्वतःच छापायचे आणि बाजाराच्या दिवशी वाटायचे. आमच्या घरी पुस्तकं मोजकी होती, पत्रकांचे गठ्ठे मात्र पलंगाखाली मावत नव्हते. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याची बाही धरायची, हे तेव्हापासूनचं वळण आहे.

नोकरी केली ती मात्र उद्गारचिन्हाला अजिबात जागा नसलेल्या ठिकाणी. आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडले तेव्हा लेथवर मुलीला बसवायला कोणी तयार नव्हतं. तयार झाले ते हबीब चाचा. त्यांचं बंदुकांचं दुकान होतं. विक्री नावापुरती, खरं काम दुरुस्तीचं आणि जुन्या बंदुकांची काडतुसं भरून देण्याचं. दोन्हीचे परवाने त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे.

मी घाबरतच घरी सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हत्यार वाईट नसते. ते कोनाच्या हाती हाय अन् कोनाच्या हाती नाही, ते विचारत जाय." आई आतून म्हणाली, "ते नंतर विचारजो. पगार किती ते आधी विचार."

लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात गुंड येत असतील. आमच्याकडे यायची ती बहुतेक म्हातारी माणसं. एक देशमुख दर दसऱ्याला बंदूक पूजेआधी साफ करून न्यायचे. तिचा घोडा कधीच तुटून गेला होता. दुरुस्त करू का विचारलं तर म्हणाले, "नोको. चालू झाली तर पोरं भांडतीन." एका लग्नघरच्यांना वरातीत मिरवायला बंदुकीला चांदीचा मुलामा हवा होता. आर्णी रोडवरच्या एक आजी नवऱ्याच्या काडतुसाची रिकामी पुंगळी घेऊन आल्या. तिला तळाशी भोक पाडून हवं होतं, उदबत्ती लावायला. भोक आधीच होतं, हे मी दाखवलं तर त्या माझ्यावरच खूश झाल्या.

बहुतेक जण मला पाहून दारातच थांबायचे. "चाचा नाई काय?" "आहेत, जेवून राह्यले. काय काम आहे?" "काही नाई, येतो मंग." चाचा आतून ओरडायचे, "अरे, उसीको दिखाव! माह्या हाताले कंप हाय, तिच्या नाई."

आता काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काडतूस म्हणजे पितळेची एक नळकांडी. तिच्या तोंडात गोळी, पोटात दारू आणि बुडाला ठिणगी देणारी टोपी. उडल्यावर गोळी जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. आपल्याकडे जुन्या घरांत ज्या विलायती रायफली आहेत, त्यांतल्या कितीतरींच्या बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं, काडतूस आता जगात कोणीच बनवत नाही. बंदूक धडधाकट आणि तिचं खाणं संपलेलं. मग आमच्यासारखे कारागीर काय करायचे? आज मिळणाऱ्या, जरा मोठ्या काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची. पोलादी साच्यांतून टप्प्याटप्प्यानं दाबत तिला जुन्या मापाचा आकार द्यायचा. दाबताना पितळ कडक होतं आणि चिरायला बघतं, म्हणून मधे मधे तोंडाकडचा भाग आचेवर मऊ करायचा. बूड मात्र कडकच राहिलं पाहिजे. शेवटी लांबी लेथवर कापायची. हे माझं काम. केसाइतका फरक पडला तरी ती पुंगळी भंगारात जायची.

इतकी कटकट कशासाठी? कारण बंदूक उडते तेव्हा ते पातळ पितळच आगीला अडवतं. पितळ क्षणभर फुगतं, नळीच्या भिंतींना घट्ट बसतं आणि सगळा जोर पुढे जातो. पितळ फाटलं तर आग मागे येते. मागे काय असतं? नेम धरणाऱ्याचा डोळा आणि गाल.

म्हणून त्या दुकानात मी कधी निवांत बसलेच नाही. बाबांच्या पत्रकात चूक झाली तर पुढच्या पत्रकात खुलासा छापता यायचा. इथे खुलाशाची सोय नव्हती. भरलेली काडतुसं गिऱ्हाइकाला दिली की काही दिवस माझं जेवणात लक्ष नसायचं. चाचा म्हणायचे, "बेटी, डरना अच्छा हाय. पन जेवून डर."

घाटंजी तालुक्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका गावचे बापूराव आमचे जुने गिऱ्हाईक. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेले गावात ते एकटेच. आजोबांपासून आलेली एकनळी रायफल त्यांच्याकडे होती आणि तिची काडतुसं आमच्याशिवाय जिल्ह्यात कोणी करत नव्हतं. ती कापसाची वाईट वर्षं होती. एक हंगाम बोंडअळीनं खाल्ला, दुसऱ्यात भाव पडला, आणि जे शेतात उरलं त्यावर रानडुकरांचे कळप. रानडुक्कर मारायची वनखात्याची परवानगी मिळायची, पण ती कागदावर. कागद घेऊन रात्री शेतात जागलीला बसायचं बापूरावांनीच. कागदावर सह्या करणारी मंडळी बसत नसत.

त्या वर्षी पावसाळ्याआधी मी त्यांच्यासाठी नव्या पुंगळ्या घडवल्या होत्या. तोपर्यंतच्या माझ्या सगळ्यात चांगल्या. चाचांनी एकेक भिंगाखाली पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या शाळेत हे पहिल्या नंबराचं बक्षीस होतं.

दिवाळी झाली. एका सकाळी बापूरावांची सून शोभा दुकानात आली. तिची जाऊ सरकारी दवाखान्यात होती. कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवशी, बांधावर सीतादहीची, वेचणीआधीची पूजा मांडत असतानाच, पऱ्हाटीतून, उभ्या कपाशीतून डुक्कर निघालं आणि जावेची मांडी फाडून गेलं. शोभा डबा द्यायला आली होती आणि जाता जाता रिकाम्या पुंगळ्या द्यायला. आमच्याकडे तशी रीतच होती. रिकामं परत आणा, मगच भरलेलं मिळेल.

"बाया वावरात पाय ठेवून नाई राह्यल्या," ती सांगत होती. "कापूस फुटून लोंबून राह्यला, अन् वेचाले कोनी नाई. म्हनून मामाजी आज बसते म्हने जागलीले. दिवस बुडाच्या आत जाऊन बसतीन."

मी पुंगळ्यांची पुरचुंडी सोडली आणि हात थांबला.

पितळ जुनं झालं की काळवंडतं. हे काळं नव्हतं. निळसर हिरवं होतं, मोरपिसाच्या कडेसारखं. या माझ्याच त्या पावसाळ्याआधीच्या पुंगळ्या. बापूरावांनी नेम तपासायला आषाढात उडवलेल्या, आणि तेव्हापासून तशाच ठेवलेल्या. एक उचलून चिमट्यानं तोंडाशी जरा दाबली. मऊ पितळ वाकतं. हे बिस्किटासारखं मोडलं. दुसरी पाहिली. तिच्या बुडाजवळ, जिथे चीर पडायचं काहीच कारण नाही तिथे, बारीक रेघ होती. नखाला लागत होती.

"चाचा!"

चाचांनी भिंग लावलं. "टाकाऊ माल आला अशीन."

"माल चांगला होता. तुम्हीच पाह्यलता."

"पितळ हाय ते, लोहा थोडी हाय गंजाले?"

मी शोभाला विचारलं, "ह्या कुठे ठेवल्या होत्या?"

"खताच्या खोलीत. खुटीले टांगून, युरियाच्या पोत्यायवर."

"खताच्या खोलीत काहून?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, की मी शहरातली आहे हे तिला आत्ता कळलं. "घरात कुलूप तिलेच हाय नं वो ताई. पोरंसोरं हात लावतीन म्हनून तिथं ठेवते."

तिचं चुकलं कुठे? काडतुसं कुलपात ठेवा, मुलांपासून दूर ठेवा, हे प्रत्येक वेळी बजावायचो ते आम्हीच. ज्या घरात सोनंनाणं नाही तिथे कुलूप कशाला असणार? त्या वर्षांत युरियासाठी कृषी केंद्रापुढे रांगा लागत होत्या. कुलपात ठेवण्यासारखी त्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू युरियाच होती. खोली गोठ्याला लागून, पावसाळाभर ओल धरलेली.

आणि मला बाबांचा फवारणीचा पंप आठवला. नेरजवळ आमचा वावराचा एक तुकडा होता. बाबा कपाशीवर युरियाचं पाणी फवारायचे आणि पंप न धुता तसाच पोत्यांजवळ ठेवायचे. पंपाचं पितळी नोझल दर वर्षी तडकायचं. लोखंडी दांडा शाबूत आणि पितळेला भेग. ओल लागली की युरियातून तो नाका-डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो ना, तोच ताणलेल्या पितळेला आतून चिरतो. नोझल तडकलं की नुसतं पाणी गळायचं. इथे तडकली होती आमची पुंगळी. दाबून दाबून आकार दिलेली, अंगभर ताण मुरलेली.

चाचांना नोझलचं सांगितलं. ते हसले नाहीत. मोडलेला तुकडा तळहातावर घेऊन बसले. मग शोभाला म्हणाले, "बेटी, भरी हुई कुठं हाय?"

"तिथंच व्हती. काल मामाजीनं काढून पुसली."

दुकानातल्या घड्याळाकडे आम्ही तिघांनी एकदमच पाहिलं. बापूरावांचा फोन लावला, तो लागला नाही. त्या गावात टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. चाचांच्या गुडघ्यांना एसटी झेपत नव्हती. "तू जा," ते म्हणाले. "कायबी कर. बंदूक त्यायच्या गालाले लागू नको देऊ."

घाटंजीची बस जिनिंगच्या कारखान्यासमोर कापसाच्या ट्रकांमागे अडकली. कंडक्टर खाली उतरून पान खाऊन आला. शोभा खिडकीतून उन्हाकडे बघत होती आणि मी तिच्या मांडीवरच्या रिकाम्या डब्याकडे. मधेच तिनं विचारलं, "ताई, समजा फुटली तर काय व्हते?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, सौम्य करून नाही. ती म्हणाली, "मामाजीचा एकच डोया चांगला हाय. दुसऱ्यात मोतीबिंदू." नेम ते चांगल्याच डोळ्यानं धरणार होते. घाटंजीहून ऑटो केला. रस्त्यावर बकऱ्या आडव्या आल्या तेव्हा मी ऑटोवाल्यावर अशी ओरडले की तो म्हणाला, "म्याडम, बकऱ्या का माह्या हाय?"

आम्ही पोचलो तेव्हा बापूराव निघतच होते. डोक्याला दुपट्टा बांधलेला, खांद्यावर रायफल. ओट्यासमोर वेचणाऱ्या बाया जमल्या होत्या.

"तू दुकानातली पोरगी नं वं? इतक्या दूर कायले आली?"

"काका, आज बंदूक नका चालवू. काडतुसं खराब झाली."

"खराब? तूच बनवली नं?"

बाया हसल्या. मी खिशातली रिकामी पुंगळी काढली आणि त्यांच्यासमोर बोटांनी मोडली. हसू थांबलं, पण बापूरावांनी कमरेच्या पट्ट्यातून भरलेलं काडतूस काढून माझ्यापुढे धरलं. चिंचेनं घासलेलं, देवघरातल्या समईसारखं लखलखीत.

"हे पाह्य. याले काय झालं?"

हीच भीती होती. घासल्यानं रंग गेला होता, भेग गेली नव्हती. आणि भेग असली तरी ती वरून दिसेलच असं नाही.

"पुसल्यानं नाही कळत काका."

"मंग कशानं कळते? तुह्या म्हनन्यानं?" त्यांचा आवाज चढला. "माही सून दवाखान्यात पडली हाय. ह्या बाया चार दिसापासून बसून हाय. धुई-धुकं पडलं तर कापूस काया पडन. अन् तू म्हनते घरी बसा?"

एक बाई म्हणाली, "हिले काय जाते? हे जाईन यवतमायले."

ते खरं होतं. दुपारभर मी फक्त त्यांच्या डोळ्याचा विचार करत आले होते. आता समोर ह्या बाया होत्या, आणि त्यांच्या पोटातली भीतीही माझ्या भीतीएवढीच खरी होती.

"दोरीनं उडवून पाहू," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. भरवसा नसलेली बंदूक कशाला तरी घट्ट बांधायची आणि घोड्याला दोरी लावून लांबून ओढायची. बापूरावांनी तोंड वाकडं केलं, पण बंडी, म्हणजे बैलगाडी, आणवली. रायफल चाकाच्या आऱ्यांना सुतळीनं आवळली, नळी नाल्याच्या दरडीकडे. बंदुकीचा लाकडी दस्ता जिथे गालाला टेकतो तिथून हातभर मागे बंडीचं लाकूड होतं. सगळ्यांना कडब्याच्या गंजीमागे नेलं. दोरी बापूरावांनीच ओढली.

आवाज झाला. कावळे उडाले. जाऊन पाहिलं तर बंदूक धडधाकट.

"पाह्यलं?" बापूराव म्हणाले. "एक गोळी वाया गेली तुह्यापायी."

मला काय वाटलं सांगू? आनंद नाही झाला. एक चांगली निघाली म्हणजे बाकीच्या चांगल्या, असं नसतं. पण ते गावापुढे सिद्ध कसं करायचं? प्रत्येक काडतूस उडवून पाहिलं तर डुकरासाठी उरणार काय? बापूराव सुतळी सोडायला वाकले.

"मामाजी, आनखीन एक," शोभा म्हणाली.

सून सासऱ्याला चारचौघांत असं बोलत नाही. ते वळून बघायला लागले. तिनं पदर नीट केला, पण मान खाली घातली नाही. "माह्यासाठी. मंग जा तुम्ही. मी काही म्हननार नाई."

बापूरावांनी पट्ट्यातून दुसरं काडतूस काढून भरलं.

यावेळी आवाज वेगळा आला. पुढे जाणारा नाही, फुटणारा. धूर मागच्या बाजूनं निघाला. जवळ गेलो तर रायफलीचा मागचा भाग उघडा पडला होता, दस्ता उभा चिरला होता आणि करंगळीएवढा पोलादाचा तुकडा बंडीच्या लाकडात रुतला होता. बापूराव त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात आपोआप वर गेला आणि स्वतःच्या गालावर थांबला.

मी वाचवलं, असं क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "बरं झालं वं पोरी. पन आता डुक्कर कोन हाकलन?"

पत्रकात याचं उत्तर असतं, शेवटच्या ओळीत, मोठ्या टायपात. मी आऱ्यांची सुतळी सोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बाया तेलाचे रिकामे डबे बडवत घोळक्यानं वावरात शिरल्या. पुढे काठी घेऊन बापूराव. तो वेचा झाला. पुढच्या वर्षी मात्र जंगलाकडची पट्टी त्यांनी पेरलीच नाही, आणि माझ्या माहितीत ती आजही पडीक आहे. ती रायफल दुरुस्त होण्यासारखी नव्हती. मी आणि चाचांनी खूप खटपट केली. बाबांनी ह्या सगळ्यावर पत्रक काढलं. जंगलाचं जनावर सरकारचं असेल तर जागल शेतकऱ्याची कशी, असा त्याचा मथळा होता. पत्रक चांगलं होतं. पट्टी पडीकच राहिली.

चाचा गेले आणि दुकान बंद झालं. मी आता पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. पण जिल्ह्यातल्या किती खुंट्यांना आमच्या हातची काडतुसं अजून टांगलेली असतील, हे मला ठाऊक नाही. पाऊस सुरू झाला की माझं जेवणातलं लक्ष आजही उडतं.

म्हणून मागणं एकच आहे. दिवाळीला तुम्ही गावी जाल. फराळ होऊ द्या, मग खताच्या खोलीची किल्ली मागून घ्या. आत, खुंटीला किंवा फळीवर, आजोबांच्या बंदुकीची पितळी काडतुसं असली तर ती घासू नका, पुसू नका, आणि उडवून तर मुळीच पाहू नका. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याला ती तिथून बाहेर काढायला लावा आणि परवानेदार कारागिराला दाखवा. कारागीर सापडला नाही तर पोलीस ठाण्यात जमा करा. घरचे म्हणतील, इतकी वर्षं काही झालं नाही. पहिली गोळी आमचीही चांगलीच निघाली होती. अंक नंतर वाचता येईल. आधी ते कुलूप उघडा.